श्रावणातली तणं माघात

माझे पती अरविंद अकरा वर्षं ताडकळसला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होते. त्या अकरा वर्षांत मी तिथं एकदाही गेले नव्हते. सांगलीला माझी वाचनालयातली नोकरी, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्यामुळे दिवाळीत आणि मे महिन्यात तेच यायचे. परभणी जिल्हा मला ठाऊक होता तो त्यांच्या पिशवीतून. करडईचं तेल, तुरीची डाळ, कागदात बांधलेली येसराची पूड. या दिवाळीतही ते आले, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता खुर्चीतच गेले.

महिनाभरानं मी गॅलरी आवरायला काढली. कोपऱ्यात दोन फळ्यांच्या मधे सुतळीनं आवळलेला जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, आणि वर वजनाला दोन जाड शब्दकोश. पेपर परभणीकडचे, कित्येक महिन्यांचे शिळे. कागद जपून ठेवायची त्यांची सवय मला माहीत होती, म्हणून फार विचार केला नाही. फळ्या ठेवल्या, सुतळीही ठेवली, पेपर रद्दीवाल्याला देऊन टाकले. उचलताना आतून वाळका पाला गळला. काठाला मुरडलेली, सुकून गडद तांबडी झालेली एक पाकळी फरशीवर पडली. ती मी पाल्याबरोबर केरात लोटली.

पौष सरता सरता फोन आला.

"काकू, मी प्रज्ञा बोलायलेय, ताडकळसहून. सरांची बारावीची विद्यार्थिनी. दिवाळीला येताना सरांनी माझा गठ्ठा सोबत नेला होता. पेपरात दाबलेली झाडं. नावं तपासून आणतो म्हणले होते."

"कसला गठ्ठा?" मी विचारलं. विचारतानाच उत्तर कळलं होतं.

"प्रकल्पाचा. बांधावरची तणं, चोवीस हायत. आता प्रॅक्टिकल जवळ आलंय. तुमी कुरिअरनं धाडलं तरी चालंल."

मी "बघते" म्हणाले. बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. फोन ठेवल्यावर त्यांची शबनम पिशवी उघडली, तर तळाशी एक बारीक वही निघाली. प्रत्येक तणाला क्रमांक, गावठी नाव, जागा, महिना, आणि नाव कुणी सांगितलं ते. बऱ्याच नावांपुढं लिहिलं होतं, 'प्रज्ञाच्या आईनं सांगितलं.' रजा टाकली, सासूबाईंजवळ शेजारणीला ठेवलं आणि ती वही घेऊन मी मिरजेला गाडीत बसले. प्रज्ञाला येतेय एवढंच कळवलं; रद्दीचं फोनवर सांगणं मला जमलं नसतं.

ताडकळस

परभणीहून ताडकळसला जाणाऱ्या एसटीच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरलेली. आमच्याकडे नजर उसाला अडते. इथं ती अडत नाही, थेट क्षितिजापर्यंत जाते. हरभरा पिवळा पडत चाललेला, मधेमधे करडईची केशरी काटेरी फुलं. बाजाराचा दिवस असल्यामुळे गाडीत माणसांइतक्याच पिशव्या होत्या.

स्टँडवर दोन वेण्या घातलेली, गणवेशातली एक मुलगी उभी होती. मी उतरताच तिनं माझ्या पिशवीला हात घातला.

"द्या ना काकू, गठ्ठा मी धरते."

पिशवी तिच्या हातात गेली आणि ती थांबली. वजनावरून तिला कळलं असावं.

समोरच्या हॉटेलात बसून मी तिला सगळं सांगितलं. गॅलरी, फळ्या, रद्दीवाला, काहीच झाकलं नाही. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"सगळे?"

"सगळे."

"कळलावीचं फूलबी?"

मला कळलावी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. "सगळंच," मी म्हणाले.

ती रडली नाही, रागावलीही नाही. तिनं माझ्यासमोरचा कप उचलून माश्या हाकलल्या आणि म्हणाली, "चहा घ्या काकू. गार व्हायलाय."

बारावीच्या जीवशास्त्राची रीत मला तिच्याकडूनच समजली. लेखी परीक्षेआधी प्रात्यक्षिक असतं, त्याला बाहेरून परीक्षक येतात. त्यांच्यापुढं वर्षभराची प्रयोगवही ठेवायची, तिच्यावर शिक्षकांची सही लागते, आणि प्रकल्प पुरा असल्याशिवाय इथं ती सही मिळत नाही. सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. प्रात्यक्षिकाला चार दिवस उरले होते.

अरविंदांच्या जागी तासिकेवर आलेले जाधव सर वयानं लहान आणि मनानं चांगले होते. त्यांनी कपाटातून एक जाड फाईल काढून टेबलावर ठेवली.

"ही तीन वर्षांमागची हाय. औषधी वनस्पती. वरचं पान बदलून नाव टाकायचं, झालं. मी सही करतो."

"ती झाडं आमच्या बांधावरची न्हाईत, सर," प्रज्ञा म्हणाली.

"परीक्षक काय बांध बघायला जाणार हायत का?"

"मला इचारलं तर काय सांगू? हे कुठं घावलं म्हणून?"

"परभणी जिल्हा सांग. लय मोठा हाय."

ती हसली नाही. जाधव सरांनी फाईल परत आत ठेवली, पण कपाट उघडंच ठेवलं. "परवा संध्याकाळपर्यंत सांग," ते म्हणाले.

या वर्गाच्या पटावर साठ मुलं आहेत आणि बाकांवर अकरा. बाकीची लातूरला शिकवणीला राहतात, परीक्षेपुरती उगवतात. सांगलीलाही हे चालतं, पण तिथं त्याची थोडी लाज असते. इथं ते हवापाण्यासारखं बोलतात. प्रज्ञाला लातूर शक्य नव्हतं. तिची आई दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जाते, वडील नाहीत. तिला शेतीची पदवी घ्यायची आहे. अरविंदांनी तिला सांगितलं होतं म्हणे की शेतीतला पहिला धडा तण आहे आणि तो तुला घरीच शिकवायला माणूस आहे.

प्रयोगशाळेत गफारभाई भेटले. परिचर म्हणून त्यांना तिथं वीस वर्षं झाली आहेत. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली.

"बसा म्याडम. सरांचीच हाय. चहाचे लय शौकीन होते, स्पिरिटच्या दिव्यावर करायचे. कुणाला सांगू नका."

फळीवर बरण्या होत्या. फीतकृमी, तारामासा, पोट उघडलेला बेडूक. बेडकाच्या बरणीतलं पाणी पिवळं पडलेलं.

"ह्याचं फॉर्मलिन बदलायचं हाय," गफारभाई म्हणाले. "सर म्हणले होते, दिवाळीहून आल्यावर दोघं मिळून बदलू. मी अजून हात लावला न्हाई."

मी बेडकाकडे बघत राहिले.

बांध

अरविंदांची भाड्याची खोली मालकांनी तशीच ठेवली होती. खाट, स्टोव्ह, खिळ्याला टॉवेल, दारामागं चार विटा. विटा कशाला म्हणून विचारलं, तर प्रज्ञा म्हणाली, "झाडं दाबायला." मी त्या रात्री तिथं झोपले. उशीला त्यांच्या तेलाचा वास होता, एवढंच लिहिते.

जेवण मात्र प्रज्ञाच्या घरी. एकाच खोलीचं घर, भिंतीवर बुद्धाचं चित्र, त्याखाली मुलीची पुस्तकं ओळीनं. तिच्या आईनं, सुमनबाईंनी, उशिरा पेरलेल्या करडईच्या कोवळ्या पानांची भाजी आणि ज्वारीची भाकरी वाढली. करडईचं तेल मी वर्षानुवर्षं खाल्लं, पण तिची पानं खातात हे मला नवीन होतं. चव किंचित कडवट, मागून गोड. येसराची आमटीही होती. सांगलीत मी त्या पुडीची आमटी करायची, पण ती अशी कधीच झाली नव्हती. सुमनबाईंनी कृती ऐकली आणि म्हणाल्या, "पाणी थंड घालायलाव तुमी. अकरा वर्षं सरांनी गिळली बिचाऱ्यांनी."

मी बऱ्याच आठवड्यांनी हसले.

"सर लय येडे होते ताई," त्या पुढं म्हणाल्या. "आमी उपटून फेकायचं आन् ह्यांनी येचून पेपरात घालायचं. मुकादम म्हणायचा, ह्या मास्तरला बी रोजानं लावा. खुरपत बसलं की मागं येऊन इचारायचे, ह्याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. मी एकदा वैतागून एकाचं नाव सांगितलं, मास्तरगवत. ते बी लिहून घेतलं."

वही उघडून पाहिलं. क्रमांक सोळा, मास्तरगवत, प्रज्ञाच्या आईनं सांगितलं. खाली बारीक अक्षरात: 'थट्टा असावी. तरी नोंद ठेवतो.'

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी वही घेऊन निघालो. सुमनबाईंनी हरभरा काढणीचा रोज बुडवला. वहीतली पहिली जागा ज्या बांधाची होती, तिथं 'केना, निळी फुलं, गुडघाभर' असं लिहिलं होतं. गुडघाभर सोडाच, बोटभरही केना नव्हता. भेगाळलेली माती आणि उन्हानं पांढरे पडलेले काड. पुढं कुर्डूची जागा, त्याच्यापुढं तेरड्याची. सगळीकडे तेच. नोंदी श्रावण-भाद्रपदातल्या आणि आम्ही माघात आलेलो. हे मला सांगलीतच कळायला हवं होतं. पण मी पुस्तकांतली बाई. क्रमांक दिला की वस्तू त्या जागी मिळते, अशी माझी आयुष्यभराची सवय.

दुपारपर्यंत हिरवं मिळालं ते एकदांडी, दुधी, पाथरी, पिवळा धोतरा, रिंगणी एवढंच. हापशाच्या सांडपाण्यावर थोडा केना तग धरून होता, तोही मिळाला. प्रज्ञा बांधावर बसली.

"सहा," ती म्हणाली. "सहावर काय होतंय? आई, जाधव सरांना हौ म्हणून सांगू?"

सुमनबाई वाकून एक वाळकं काड न्याहाळत होत्या. ते त्यांनी तळहातावर झटकलं. काळे, चकचकीत, खसखशीएवढे दाणे पडले.

"हे काय हाय?"

"कुर्डूचं बी," प्रज्ञा म्हणाली.

"मग? वाळलं म्हंजी गेलं व्हय? गेलं असतं तर आमी दरसाली खुरपायला उगंच जातो का?"

प्रज्ञा आईच्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं माझ्याकडून वही घेतली आणि पहिल्यापासून पानं चाळली. मला तिचा विचार तेव्हा कळला नाही, तिनं सांगितल्यावर कळला. जागा त्याच ठेवायच्या. श्रावणात सरांनी तिथं काय पाहिलं ते वहीतून लिहायचं, आणि माघात त्याच जागी काय आहे ते गोळा करायचं. पान असेल तर पान, बोंड असेल तर बोंड, बी असेल तर बी.

त्यानंतर काम भराभर झालं. कुर्डू, माठ, तेरड्याच्या फुटलेल्या शेंगांखालची माती चाळून मिळालेले दाणे, पेटारीची चक्राच्या आकाराची बोंडं. मास्तरगवताचं फक्त एक ठोंब मिळालं. आघाडा मिळेना म्हणून आम्ही परत फिरलो, तर सुमनबाई माझ्या मागं येऊन थांबल्या.

"काकूंनी कवाच गोळा केलाय," त्या म्हणाल्या.

माझ्या साडीच्या काठाला आघाड्याचं बी ओळीनं चिकटलं होतं. प्रज्ञानं तिथंच बसून ते एकेक करून उपटलं, कागदाच्या पुडीत घातलं आणि वर क्रमांक लिहिला.

पोखर्णीचा रस्ता

तिसऱ्या दिवशी परभणीला येऊन पोखर्णीच्या जीपमध्ये बसलो. सोबतच्या बायका नृसिंहाच्या दर्शनाला निघालेल्या, ओटीत नारळ. आम्ही देवळाच्या बऱ्याच अलीकडे, ओढ्यापाशी उतरतो म्हणालो, तेव्हा एकीनं विचारलं, "हितं काय हाय?" सुमनबाई म्हणाल्या, "तण." ती बाई जीप हलेपर्यंत आमच्याकडे वळून बघत होती.

ओढ्याच्या कुंपणावर केसाळ, तपकिरी शेंगा लोंबत होत्या, मखमलीसारख्या. वहीत क्रमांक एकोणीस, त्याच जागेचा. आपणही काही शोधलं या आनंदात मी दोन शेंगा तोडल्या. पान उलटल्यावर पुढचं वाक्य दिसलं: 'खाजकुयली. हात लावू नये.'

तोपर्यंत मनगटापर्यंत आग पेटली होती. मी पाण्याकडे धावले तर सुमनबाईंनी दंड धरला. "पाणी नगं, लय पसरंल." त्यांनी रस्त्यावरचं शेण उचललं आणि माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोपडलं. सुकल्यावर ते खरवडून काढलं, त्याबरोबर शेंगांचे केस निघाले.

"सरांचंबी असंच झालं होतं," प्रज्ञा खाली बघून म्हणाली. "म्हणून तर लिवलंय."

"तेव्हा त्यांना कुणी शेण लावलं?"

"मीच की," सुमनबाई म्हणाल्या. "ह्याच दगडावर बसले होते."

मी त्याच दगडावर बसले होते. हाताची आग संध्याकाळपर्यंत राहिली. ती लवकर जावी असं मला फारसं वाटलं नाही.

ओढा ओलांडल्यावर निवडुंगाचं कुंपण लागलं. क्रमांक अकरा. वहीत लिहिलं होतं: 'कळलावी. एकच वेल. एक फूल, एक पान घेतले. मूळ घेतले नाही, घेऊ नये.' तिथं वेल नव्हती, काडही नव्हतं, बीही नव्हतं.

"कशी असते ती?" मी विचारलं.

"लाल आन् पिवळी," सुमनबाईंनी बोटं वर करून फूल करून दाखवलं. "पाकळ्या अशा वर जात्यात, जाळावानी. काठ मुरडलेले."

मला गॅलरीतली फरशी दिसली, आणि केरसुणी. बाकीच्या तेवीस तणांची मला गंधवार्ताही नव्हती. हे एकच मी डोळ्यांनी बघून, हातानं लोटलं होतं. ते मी दोघींना सांगितलं. सांगितल्यावाचून तिथं उभं राहणं शक्य नव्हतं.

सुमनबाईंनी पायानं जागा चाचपली. "खाली कंद हाय. हात-दीड हात खाली. खणू का? वाळवून कागदावर लावता येतंय."

त्यांच्या पिशवीत खुरपं होतं. त्यांनी ते काढलंही. प्रज्ञानं वहीतलं वाक्य पुन्हा वाचलं.

"नगं आई," ती म्हणाली. "एकच हाय."

ती खाली बसली. तिनं फक्त जागेचं मोजमाप घेतलं: ओढ्यापासून किती पावलं, कुंपणाच्या कितव्या निवडुंगाजवळ. ते लिहून घेतलं आणि आम्ही परतलो. संध्याकाळी तिनं जाधव सरांना फाईल नको म्हणून सांगितलं.

"चोवीस भरले का?"

"भरत आलेत, सर."

"भरत आले म्हंजी भरले न्हाईत." पण त्यांनी कपाट बंद केलं.

पाथरी

चोविसावा क्रमांक पाथरी गावचा होता. प्रज्ञाची मावशी तिथं राहते. भाद्रपदात तिच्याकडे गेली असताना प्रज्ञाला कालव्याच्या पाझरावर हे रोप दिसलं होतं आणि अरविंद मुद्दाम एसटीनं ते बघायला गेले होते. नोंद अशी: 'गोरखमुंडी. पाने मिळाली, वास उग्र. फूल नाही. माघात फुलते. तेव्हा परत.'

चौथ्या दिवशी पहाटेच निघालो, कारण दुपारनंतर कागद चिकटवायचे होते. पाथरीच्या स्टँडवर यात्रेकरूंचा एक घोळका नाश्त्याला थांबला होता. आम्हीही धपाटे आणि दही खाल्लं. आमच्याकडचं थालीपीठ याचं जवळचं नातेवाईक, पण हे पातळ असतं आणि तिखटात कुणाचं ऐकत नाही.

मावशींच्या घरापासून कालवा लांब नव्हता. पाझराची जमीन अजून ओलसर होती. मी मागं होते. पुढं गेलेली प्रज्ञा थांबली आणि तिनं नुसता हात केला.

जमिनीलगत पसरलेली रोपं आणि त्यांवर जांभळी, गोल, गोटीएवढी फुलं. एक-दोन नाही, सगळी ओल भरून.

मी वही उघडली. 'तेव्हा परत.' ते दोन शब्द मी आदल्या रात्री खोलीत पुष्कळदा वाचले होते आणि दर वेळी वही मिटली होती. दिवाळीनंतरच्या प्रत्येक दिवसात ते नाहीत याची मला तोवर सवय होत आली होती. पण या माघातला एक दिवस त्यांनी आधीच लिहून ठेवला होता, आणि त्या दिवशी त्या जागी मी आले होते.

"काकू, तुमी काढा," प्रज्ञा म्हणाली.

"मला येत नाही."

"मुळापासून. हळू. माती झटकायची, धुवायची न्हाई."

पहिलं रोप माझ्या हातून देठाशीच तुटलं. दुसरं नीट आलं.

इस्त्री

झाड दाबून सुकायला आठ-दहा दिवस लागतात. आमच्याजवळ एक दुपार होती. उपाय गफारभाईंकडे होता: वर-खाली वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवायची, थोडी थोडी, पेपर बदलत. "सरांना पसंत नव्हतं," ते म्हणाले. "रंग उडतो म्हणायचे. पर घाईत त्यांनीबी केलंय."

अकरा वर्षं मी त्यांच्या शर्टांना वर्षातून दोनदा इस्त्री केली होती, दिवाळीहून परत जाताना आणि मेअखेर. त्या दुपारी प्रयोगशाळेच्या टेबलावर मी त्यांच्या तणांना केली. मधेच वीज गेली. गफारभाई सायकलवर जाऊन मेहुण्याच्या लॉन्ड्रीतून कोळशाची इस्त्री घेऊन आले. तिच्या उष्णतेचा मला अंदाज आला नाही आणि धोतऱ्याचं एक पान करपलं. मी दुसरं लावू म्हणाले.

"असू द्या," प्रज्ञा म्हणाली. "करपलं म्हणून लिहिते."

ती एकेक कागद लावत होती. वर झाड किंवा बियांचं पाकीट, उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी. चिठ्ठ्यांवर ती काय लिहिते ते मी बघितलं नाही. माझं लक्ष इस्त्रीवर होतं. संध्याकाळी जाधव सर आले, उभ्यानंच पानं उलटत गेले. मधल्या एका पानाशी थांबले, प्रज्ञाकडे बघितलं, डोकं खाजवलं आणि प्रयोगवहीवर सही केली.

"परीक्षकांनी इचारलं तर तुझं तू बघ," ते म्हणाले.

प्रात्यक्षिक

पाचव्या दिवशी लातूरची मुलं आली. चांगले बूट, चांगल्या पिशव्या. त्यांतल्या एकानं सूक्ष्मदर्शकापाशी येऊन प्रज्ञाला हळूच विचारलं, "ह्याच्यात डोळा कुठून लावायचा?" तिनं दाखवलं.

मला आत जाता येत नव्हतं. गफारभाईंनी व्हरांड्यात खिडकीखाली खुर्ची ठेवली. "म्याडम, कायदा दाराला हाय. खिडकीला न्हाई."

परीक्षक एक प्रौढ बाई होत्या, चष्मा साखळीला अडकवलेला. मुलांचे प्रकल्प त्या पत्ते वाटावेत तशा उलटत होत्या. प्रज्ञाच्या प्रकल्पाशी त्यांचा वेग कमी झाला.

"हे पाकीट कसलं?"

"कुर्डूचं बी हाय, मॅडम."

"फूल कुठाय?"

"फूल श्रावणात असतं. तवा गोळा केलं होतं. ते हरवलं."

"कसं हरवलं?"

मी खुर्चीत ताठ झाले. प्रज्ञाला खिडकीतून माझं डोकं नक्की दिसत असणार.

"आमचे सर दिवाळीत वारले," ती म्हणाली. "त्यांच्याकडं होतं. मग त्याच जागांवर परत गेलो. जे हाय ते आणलं."

बाईंनी पानं पहिल्यापासून पुन्हा सुरू केली. आघाडा. पेटारी. करपलेला धोतरा, त्यावर त्या किंचित हसल्या. मास्तरगवत. मग थांबल्या.

"हे पान कोरं आहे."

"कळलावी हाय, मॅडम."

"कुठाय?"

"जमिनीखाली. वर आता काहीच न्हाई."

"मग कंद खणून आणायचा."

"एकच वेल हाय तिथं. सर म्हणायचे, एकच असंल तर काढायचं न्हाई."

"खाली आहे हे कशावरून?"

"आई दरसाली बघती. तिथंच येती."

बाईंनी चष्मा लावला आणि कोऱ्या पानाच्या कोपऱ्यातली चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "कळलावी. पोखर्णी रस्ता, ओढ्यापलीकडं, तिसरं निवडुंग. श्रावणात पाहणारे: सर, आई, प्रज्ञा. माघात पाहणारे: काकू, आई, प्रज्ञा." त्यांनी मान वर केली. "माघात काहीच नव्हतं म्हणतेस. मग या काकूंनी पाहिलं काय?"

प्रज्ञानं कोऱ्या पानावर बोट ठेवलं.

"जागा, मॅडम."

आत कुणीतरी स्टूल सरकवलं. बाईंच्या पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला, मग सही केल्याचा. किती गुण दिले ते मला माहीत नाही. ते कुणाला सांगत नाहीत.

दुपारी मुलं पांगली. प्रज्ञा आईला सांगायला शेताकडे पळाली. माझी एसटी चारला होती. मी प्रयोगशाळेत वही ठेवायला गेले. ती तिथंच राहावी असं मी ठरवलं होतं. गफारभाईंनी फळीवरून बेडकाची बरणी खाली काढून टेबलावर ठेवली होती. शेजारी फॉर्मलिनचा कॅन.

"म्याडम, दोन माणसांचं काम हाय," ते म्हणाले. "झाकण धरता का?"

मी पदर खोचला आणि झाकण धरलं.

"तोंड तिकडं करा. डोळ्यातनं पाणी येतंय ह्यानं."

मी तोंड फिरवलं नाही.